लाईट कुठपर्यंत आली? : मोटारहोममधल्या हरवलेल्या विजेचा एक पाठ



विद्युत परिपथ शिकवताना आपण सेल, वायर आणि बल्ब घेतो. वायर जोडली की बल्ब लागतो, सोडली की विझतो. मुलं खूश, घटक पूर्ण. पण घरातला एखादा पंखा बंद पडला की त्याच मुलाला आधी कुठे बघायचं हे सुचत नाही. ते शिकवायला मला एक लांबचं उदाहरण फार उपयोगी पडतं, अमेरिकेतल्या मोटारहोमचं. इयत्ता ५ वी ते ७ वीला हा पाठ चालतो.

मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. एसटीएवढ्या गाडीत ओटा, पलंग, बाथरूम, फ्रिज आणि छतावर एसी. सुट्टीत लोक ही गाडी घेऊन कॅम्पग्राउंडवर मुक्कामाला जातात. तिथे प्रत्येक गाडीच्या जागेशेजारी विजेचा एक बुटका खांब असतो, त्याला पेडेस्टल म्हणतात. गाडीची जाड केबल त्यात लावली की आत वीज सुरू. या विजेला तिकडे ‘शोअर पॉवर’ म्हणतात, म्हणजे किनाऱ्यावरची वीज. शब्द जहाजांकडून आलाय. धक्क्याला लागलेलं जहाज किनाऱ्यावरून वीज घेतं, तशी उभी असलेली गाडी खांबावरून घेते. मुलांना हे सांगितलं की शब्द लगेच डोक्यात बसतो.

आता खरी गंमत. या गाडीत दोन प्रकारची वीज असते. एक खांबावरून येणारी १२० व्होल्टची (आपल्याकडे घरात २३० व्होल्ट असते), तिच्यावर एसी, मायक्रोवेव्ह आणि भिंतीवरचे सॉकेट चालतात. दुसरी बॅटरीची १२ व्होल्टची, तिच्यावर दिवे, छोटे पंखे, पाण्याचा पंप. खांबावरची वीज चालू असताना कन्व्हर्टर नावाचं यंत्र त्याच विजेवर बॅटरी चार्ज करत राहतं. म्हणजे खांबावरची वीज गेली तरी दिवे चालूच! अनेक गाड्यांमधला फ्रिजसुद्धा आपोआप गॅसवर जातो आणि गार राहतो. कुणाला काही कळत नाही. मग रात्री उशिरा बॅटरी उतरते, दिवे मंद होतात, पंप कुरकुरायला लागतो आणि सगळे दचकून उठतात.

माझी मावसबहीण तिकडे राहते. मागच्या उन्हाळ्यात त्यांचा एसी बंद पडला तेव्हा सहावीतल्या भाच्याने मला फोनवर विचारलं, “मावशी, दिवे तर लागतायत, मग लाईट गेली असं बाबा का म्हणतायत?” मी त्याला मायक्रोवेव्हचं घड्याळ बघायला सांगितलं. ते काळं पडलं होतं. ते घड्याळ बॅटरीवर चालत नाही, त्यामुळे तेच खरं साक्षीदार. दिव्यांची साक्ष इथे चालत नाही.

हा मुद्दा वर्गात सावकाश घ्या. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्या मुलांना तो पटकन कळतो. लाईट गेली तरी हॉलचा पंखा फिरत असतो, पण गीझर आणि मिक्सर बंद असतात. मग ‘लाईट आहे की नाही’ हे सांगायला कोणतं उपकरण बघायचं, हे मुलांनाच ठरवू द्या.

तिकडे दाजी काय करत होते? गाडीतला ब्रेकरचा बोर्ड उघडून एकेक खटका वरखाली करत होते. बऱ्याच मोठ्या माणसांची हीच सवय असते, जवळ दिसेल तिथून सुरुवात. पण गावाकडे आजी काय म्हणते? “शेजारी लाईट आहे का बघ आधी.” हाच पहिला प्रश्न, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. भाच्याने शेजारच्या गाडीकडे बघितलं, त्यांचा एसी घुमत होता. म्हणजे कॅम्पग्राउंडची वीज गेलेली नाही. मग खांब. खांबावर प्रत्येक सॉकेटचा वेगळा ब्रेकर असतो, आणि त्यांचा खटका मधेच अडकलेला होता, पूर्ण चालूही नाही आणि पूर्ण बंदही नाही. ट्रिप झालेला ब्रेकर असाच दिसतो. तो आधी पूर्ण बंद करून मगच चालू करावा लागतो, नुसता वर ढकलून भागत नाही. मोठ्यांनी ते केलं आणि एसी सुरू झाला.

खांबावर सगळं ठीक असतं तर वीज येते त्याच वाटेने पुढे जायचं. केबलचा प्लग नीट बसलाय का, त्याच्या पितळी पट्ट्या काळ्या पडल्यात का. मधे संरक्षक यंत्र लावलं असेल तर त्यावर काय लिहून येतंय. व्होल्टेज फार कमी किंवा जास्त असलं तर ते मुद्दाम वीज अडवतं, आणि काही यंत्रं वीज परत आल्यावरही दोनेक मिनिटं थांबतात, तेवढा धीर धरायचा. मग गाडीतला बदली स्विच, जो खांब की जनरेटर ते निवडतो. त्यानंतर आतला मुख्य ब्रेकर. एसी चालतोय आणि फक्त सॉकेट बंद आहेत असं असेल तर बाथरूममधल्या किंवा ओट्याजवळच्या रिसेट बटणाच्या सॉकेटकडे जायचं. तो ट्रिप झाला की त्याच्या पुढचे सगळे सॉकेट बंद पडतात. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच, इथपर्यंत वीज आली का?

पण माझ्या दृष्टीने पाठ एसी सुरू झाल्यावर संपत नाही. ब्रेकर पडला का? पालकहो, तुमच्याही घरात एमसीबी पडला की वर करून मोकळं व्हायची घाई असते. त्यांच्या गाडीत थोड्या वेळाने तो परत पडला. इथे पाचवीचं गणित कामाला येतं. केबल ३० अँपिअरची, व्होल्टेज १२०, म्हणजे ३,६०० वॅट मिळणार. एसी साधारण १,५०० वॅट, मायक्रोवेव्ह १,५००, पाणी तापवायचा हीटर १,४००. बेरीज ४,४००! हा जास्तीचा भार ब्रेकर काही मिनिटं सोसतो आणि मग पडतो, म्हणूनच माणूस फसतो. भाच्याने बेरीज केली आणि ठरवलं की पाणी तापेपर्यंत मायक्रोवेव्ह लावायचा नाही. दाजींनी ते ऐकलं, हे विशेष.

आता जपून सांगायची गोष्ट. मुलांनी बघायचं, ऐकायचं, वास घ्यायचा, विचारायचं, गणित करायचं. हात लावायचा नाही. खटके, प्लग, बोर्डाचं झाकण हे सगळं मोठ्यांचं काम, आणि केबल लावताना-काढताना आधी खांबावरचा ब्रेकर बंद. जळका वास, वितळलेला प्लग किंवा ओली जागा दिसली तर मोठ्यांनीही थांबून इलेक्ट्रिशियन बोलवायचा. आणि गाडीच्या पत्र्याला हात लागून झिणझिण्या आल्या तर लगेच बाजूला व्हायचं, कुणाला हात लावू द्यायचा नाही. गाडी रबरी टायरवर उभी असते, तिला जमिनीशी जोडणारी खरी वाट म्हणजे केबलमधली अर्थिंगची तार. ती तुटली आणि आत कुठे गळती झाली तर सगळा पत्रा वीज धरतो. आपल्याकडे पावसाळ्यात लोखंडी खांबाला हात लावू नको म्हणून सांगतो, तेच इथे.

वर्गातला खेळ असा. आठ मुलं ओळीत उभी करा: खांब, ब्रेकर, प्लग, केबल, संरक्षक, बदली स्विच, मुख्य ब्रेकर, सॉकेट. एकाच्या खिशात ‘बिघाड’ लिहिलेली चिठ्ठी, कुणाच्या ते वर्गाला माहीत नाही. बाकीच्यांनी फक्त “तुझ्यातून वीज पुढे जाते का?” एवढंच विचारायचं. बिघाड असलेला आणि त्याच्या पुढचे सगळे ‘नाही’ म्हणतात. पहिल्यापासून विचारलं तर सात प्रश्न लागू शकतात. चौथ्यापासून सुरुवात केली आणि दर वेळी उरलेल्यांचे निम्मे केले तर तीनच पुरतात. मुलं हे स्वतः शोधतात, तुम्ही सांगू नका. मग कुणीतरी हुशार विचारेलच, “मग भाच्याने मधून सुरुवात का नाही केली?” कारण खऱ्या कामात प्रत्येक प्रश्नाची किंमत सारखी नसते. शेजारी डोकावणं फुकट आणि सुरक्षित, बोर्ड उघडणं तसं नाही.

गृहपाठ म्हणून घरातल्या कोणत्याही पाच उपकरणांची वीज कुठून कुठून येते ते पालकांसोबत बघून वहीत वाट काढायला सांगा. तक्त्यात ‘वीज आली’ आणि ‘नाही आली’ यांच्या शेजारी ‘अजून बघितलं नाही’ असा तिसरा रकाना नक्की ठेवा, कारण तो नसला की मुलं अंदाजानेच पहिले दोन भरून टाकतात.