मेहनतान्याचा हिशेब

दुसऱ्याच्या कामाचे मोल ठरवताना ज्यांना क्षणाचाही विलंब लागत नाही, अशी चांगली व्यवहारदक्ष माणसेही स्वतःच्या श्रमाचा आकडा सांगण्याची वेळ आली की एकाएकी संकोचाने ग्रासली जातात. आणि त्या संकोचाच्या भरात तोंडातून जो आकडा निघतो, त्याच्याशी पुढे कित्येक वर्षे त्यांना संसार करावा लागतो.

इंग्रजीतून मराठीत अनुवाद करण्याचा व्यवसाय मी घरी बसून, इंटरनेटच्या आश्रयाने करीत आलो आहे. औषधांची माहितीपत्रके, बँकांचे अर्ज, यंत्रांच्या वापराच्या पुस्तिका आणि अलीकडे मोबाइलवरील अ‍ॅपमधल्या सूचना, अशा ज्या मजकुराखाली कर्त्याचे नाव कधीच छापले जात नाही, त्यावर माझा चरितार्थ चालतो. या व्यवसायात सरकारी वेतनश्रेणी नाही की पिढीजात शिरस्ता नाही. दर ज्याचा त्याने ठरवावा आणि ज्याचा त्याने निभावून न्यावा. नवख्याला वडीलधाऱ्यांकडून मिळणारा उपदेश मात्र ठरलेला असतो, की आरंभी स्वस्तात काम करावे आणि नाव झाले म्हणजे दर वाढवावा. अनुभव असा, की स्वस्त दराने ओळखी जरूर वाढतात, पण त्या ओळखीतून येणारा प्रत्येक जण तो दर आधीच ऐकून आलेला असतो. म्हणजे कीर्ती पसरते ती कामाची नव्हे, स्वस्ताईची.

एका मध्यस्थ संस्थेच्या कामात या व्यवसायातले सगळे धोके मला एकत्रच भेटले. दर शब्दामागे ठरला होता, आणि मूळ इंग्रजी मजकुराचे शब्द धरून मी मनाशी रकमेचा अंदाज बांधला होता. परंतु बिल पाठविल्यावर उत्तर आले, की आमच्याकडे अनुवादित मजकुराचे शब्द मोजण्याची पद्धत आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहिली जात असल्यामुळे तोच आशय इंग्रजीपेक्षा कमी शब्दांत मावतो. भाषेचा हा संक्षेप एरवी भूषणावह असला, तरी त्या बिलात तो माझ्या खर्ची पडला. पुढे ग्राहकाकडील परीक्षकांनी एकामागून एक आपापल्या अभिरुचीनुसार दुरुस्त्या सुचविल्या, एकाने घातलेला शब्द दुसऱ्याने काढला, आणि या साऱ्या उठाठेवीचा स्वतंत्र मेहनताना कोठेच धरलेला नव्हता. रक्कम हाती आली ती दीर्घकाळ तगादा लावल्यानंतर. दर स्वतः कमी नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे. काय मोजायचे, किती वेळा दुरुस्त करायचे आणि पैसे कधी द्यायचे, या तीन गोष्टी मोघम राहिल्या म्हणजे चांगला दरही पाहता पाहता पातळ होतो.

तेव्हा दर ठरवावा तो शेजारच्याचा दर पाहून नव्हे, तर आपला वर्षाचा जमाखर्च मांडून. उदाहरणादाखल असे धरा, की घरखर्चाला दरमहा ४०,००० रुपये लागतात. नोकरीच्या सवयीने माणूस महिन्याचे २०० तास धरतो आणि ताशी २०० रुपये पुरेसे आहेत, असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. वस्तुतः वर्षाच्या ४,८०,००० रुपयांत संगणक, वीज, इंटरनेट, आरोग्यविमा आणि म्हातारपणची तरतूद यांसाठी आणखी १,२०,००० तरी मिळवावे लागतात, कारण ते भरणारा मालक येथे नाही. रविवार, सणवार, आजारपण आणि काम नसलेले दिवस वजा जाता २४० दिवस उरले, तर त्या प्रत्येक दिवशी पत्रव्यवहार, नमुने, बिले आणि तगादे यांत निम्मा वेळ जाऊन, ज्याचे पैसे मिळतात असे तास चारच निघतात. वर्षाचे असे ९६० तास आणि गरज ६,००,००० रुपयांची. म्हणजे ताशी ६२५ रुपये. फेरवाचनासह तासाला २५० शब्द होत असतील, तर शब्दाला अडीच रुपये हा किमान दर ठरला. नफा, कर आणि बचत यांचा विचार त्यापुढचा.

मध्यस्थ संकेतस्थळावरून काम घेताना कमिशनचे गणितही नीट करावे लागते. फायव्हर हे संकेतस्थळ विक्रेत्याच्या मिळकतीतून २० टक्के कापून घेते. म्हणून अडीच रुपयांत वीस टक्के मिळवून कोणी तीन रुपये दर लावील, तर त्याच्या हाती २ रुपये ४० पैसेच येतील, कारण कपात वाढीव रकमेवर होते. अडीच रुपये पदरात पडावयाचे तर दर सव्वातीनच्या जवळपास असला पाहिजे. परदेशी ग्राहक असेल, तर चलन कोणते आणि बँकेचा खर्च कोणाच्या माथी, हेही आधीच लिहून घ्यावे.

करारनामा लांबलचक नसावा, पण लेखी असावा. साधे ईमेलही पुरते. मोजणी मूळ मजकुराच्या शब्दांवर, दुरुस्त्यांच्या फेऱ्या दोन आणि त्यापुढे ताशी दराने, नव्या ग्राहकाकडून एक तृतीयांश विसार, आणि फुकट नमुना २५० शब्दांपेक्षा अधिक नाही, एवढी कलमे त्यात असली म्हणजे बहुतेक कलह उद्भवतच नाहीत. यंत्राने केलेला अनुवाद तपासण्याचे काम अर्ध्या दराने देऊ केले जाते. तेथे शब्दामागे होकार न देता, कच्चा मजकूर पाहून ताशी दर मागावा, कारण सदोष अनुवाद सुधारण्यापेक्षा नवा करणे पुष्कळदा लवकर होते.

थकलेल्या पैशासाठी कायद्याचा आधारही आहे, आणि तो आपल्या लोकांना फारसा ठाऊक नसतो. लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क होते आणि अनुवादासारखी सेवाही तीत नोंदता येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे लेखी करार असला तरी कमाल ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकते करावे लागते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि या अधिनियमाचा उल्लेख केल्यापासून माझ्या देशी ग्राहकांच्या हिशेबखात्यातून उत्तरे लवकर येऊ लागली आहेत. परदेशी देणेकऱ्यापाशी मात्र हा अधिनियम पोचत नाही. तेथे विसारच खरा.

ग्राहकाचे बजेट खरोखरच कमी असेल, तर त्याचा अवमान करू नये, पण दर न उतरवता काम उतरवावे. तीन प्रकरणांऐवजी दोन, किंवा दोन फेऱ्यांऐवजी एक. सार्वजनिक संस्थेला सवलत द्यावीशी वाटली, तर बिलात पूर्ण रक्कम मांडून सूट निराळी दाखवावी, म्हणजे औदार्याचा दर कायमचा होऊन बसत नाही. जुन्या ग्राहकाला दरवाढ कळवायची ती काम हातात घेतल्यानंतर नव्हे, नव्या आर्थिक वर्षापूर्वी दोन महिने.

इतके करूनही काही जण आकडा ऐकताच निघून जातील, आणि महिना रिकामा असेल तेव्हा त्यांना परत हाक मारण्याचा मोह होईल. अशा वेळी ते ९६० तास आठवावेत: ताशी २०० रुपयांनी दिलेल्या प्रत्येक तासाची सव्वाचारशे रुपयांची तूट उरलेल्या तासांनी भरून काढावी लागते, आणि रिकाम्या तासात योग्य ग्राहकाचा शोध तरी घेता येतो, स्वस्तात विकलेल्या तासात तेवढीही सवड राहत नाही.