डाव मांडण्याआधी

वाशिमला उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचे-पुतणे जमले की घरात संगणकावर 'सिव्हिलायझेशन ६' चालू असतो आणि फोनवर 'युनसिव'. 'युनसिव' फुकट आहे, साध्या फोनवर चालतो, त्याला इंटरनेट लागत नाही. या पोरांबरोबर खेळताना माझं एक मत पक्कं झालं आहे. नकाशा किती धुंडाळायचा आणि कशासाठी, हे पहिला स्काउट, म्हणजे आपला टेहळ्या, निघण्याआधीच, सेटिंगच्या पानावर ठरतं. त्या पानाकडे फार थोडे खेळाडू नीट बघतात.

१. लुटारू बंद करू नका

नव्या खेळाडूची पहिली मागणी हीच असते. "काका, ते लुटारू बंद करा ना, लय तरास देतेत!" त्रास देतात हे खरं. पण सुरुवातीच्या शोधाला धार येते ती त्यांच्यामुळेच. 'सिव्हिलायझेशन ६'मध्ये लुटारूंचाही एक टेहळ्या फिरत असतो. त्याला आपलं शहर दिसलं की तो तळाकडे परत पळतो, आणि तिथे पोचला की तळावरून हल्लेखोर निघतात. त्यामुळे आपला स्काउट लांब धाडायचा की शहराभोवतीची अंधारी जागा आधी उजळून घ्यायची, हा खरा निर्णय होतो. लुटारू नसतील तर असा काही प्रश्नच उरत नाही.

शिवाय नुकसान होतं ते वेगळंच. तीन लुटारू मारले की 'ब्राँझ वर्किंग'च्या संशोधनाचा मोठा हिस्सा आयता पदरात पडतो, आणि तळ उद्ध्वस्त केला की 'मिलिटरी ट्रॅडिशन'ला तसाच हातभार लागतो. सेटिंगमध्ये एक खूण केली की या दोन्ही वाटा बुजतात.

२०२१मध्ये आलेला 'बार्बेरियन क्लॅन्स' हा पर्याय मला सगळ्यात आवडतो. त्यात टोळीला पैसे देऊन शांत ठेवता येतं, तिचे सैनिक भाड्याने घेता येतात आणि सोडून दिली तर ती टोळी पुढे नगरराज्यही होऊ शकते. मग तळ सापडला की तो जाळायचा की जगू द्यायचा, याचा विचार करावा लागतो. पोरं इथे पहिल्यांदा भांडतात, आणि त्या भांडणातूनच ती खेळ शिकतात.

२. खेळाचा वेग म्हणजे स्काउटचं आयुष्य

ही गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. 'सिव्हिलायझेशन ६'मध्ये 'स्टँडर्ड' वेगाचा डाव ५०० टर्नचा असतो, 'मॅरेथॉन' १५०० टर्नचा आणि 'ऑनलाइन' फक्त २५० टर्नचा. वेग बदलला की संशोधन आणि बांधकाम लांबतं किंवा आखडतं. स्काउटची चाल मात्र बदलत नाही. कुठल्याही वेगात त्याला टर्नला ३ चालीच मिळतात.

म्हणजे 'मॅरेथॉन'मध्ये दुसरं शहर वसवण्याआधीच अख्खा खंड पालथा घालता येतो. तिथे सुरुवातीलाच स्काउट काढला तर तो कित्येक पटींनी वसूल होतो. 'ऑनलाइन' वेगात तोच स्काउट शेजारच्या राज्यापर्यंत पोचेतो जग पुढे गेलेलं असतं. नवख्याने 'स्टँडर्ड'वरच शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

३. भावंडांच्या डावात अवशेष काढून टाका

२०१०च्या 'सिव्हिलायझेशन ५'मध्ये प्राचीन अवशेष सापडले की सोनं मिळतं, लोकसंख्या वाढते, कधी स्काउटचा थेट धनुर्धारी होतो. एकट्याच्या डावात यात मोठी मजा आहे. पण दोघं भाऊ समोरासमोर बसले आणि एकाला पहिल्याच टर्नमध्ये घबाड लागलं, की दुसऱ्याचा जीव डावातून उठतो. अवशेष काढले तरी शोध वाया जात नाही. नगरराज्याला सगळ्यांत आधी भेटणाऱ्याला ३० सोनं मिळतं, मागून येणाऱ्याला १५. नैसर्गिक आश्चर्य सापडलं की प्रजेचा आनंद वाढतो. तेवढं आमिष पुरतं.

४. जमिनीचा आकार आणि वय

'पँजिया' (एकच मोठा खंड) असेल तर स्काउट, 'आर्किपेलागो' (बेटंच बेटं) असेल तर जहाज. एवढं सगळ्यांना समजतं. राहून जातं ते जगाचं वय. 'सिव्हिलायझेशन ६'मध्ये 'नवं जग' निवडलं तर डोंगर-टेकड्या जास्त येतात आणि स्काउटची चाल खुंटते. अशा नकाशात मी पोरांना आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण देतो. काटेपूर्णा उत्तरेला जाऊन पूर्णेला मिळते आणि तिचं पाणी तापीत जातं. पैनगंगेचं पाणी जातं गोदावरीत. मधल्या उंचवट्यावर उभं राहणाऱ्याला दोन्हीकडचा उतार कळतो. स्काउटलाही तसंच टेकड्यांवरून न्यावं. वाट हळू सरते, पण नजर लांब पोचते.

५. दोन सेटिंग एकमेकींना मारतात

'सिव्हिलायझेशन ६'मध्ये २०२०चा 'सीक्रेट सोसायटीज' पर्याय सुरू केला की गुप्त मंडळांची ओळख शोधातूनच होते. आदिवासी गावं सापडली की 'व्हॉइडसिंगर्स', लुटारूंचे तळ मोडले की 'सँग्विन पॅक्ट', नैसर्गिक आश्चर्य दिसलं की 'हर्मेटिक ऑर्डर'. आता हा पर्याय चालू ठेवून कुणी गावं आणि लुटारू दोन्ही बंद केले, तर दोन मंडळांकडे लवकर पोचण्याचा मुख्य रस्ताच तुटतो. एक खूण करताना दुसरीचं काय होतंय, ते बघा.

६. 'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये

इथे नकाशा 'नॉर्मल', 'एक्सप्लोअर्ड' किंवा 'ऑल व्हिजिबल' ठेवता येतो. 'एक्सप्लोअर्ड'मध्ये भूगोल आधीच कळतो, शत्रू काय करतोय ते कळत नाही. सरावाला हे चांगलं आहे. 'ऑल व्हिजिबल' मात्र मी पोरांना लावू देत नाही. त्यात घोडेस्वार स्काउटला करायला फारसं काही उरतच नाही.

तुम्ही नव्याने सुरुवात करत असाल तर पहिला डाव लुटारू आणि गावं चालू ठेवून, 'स्टँडर्ड' वेगात, 'पँजिया'वर खेळा. दुसऱ्या डावात एकच सेटिंग बदला, आणि पहिल्या ५० टर्नमध्ये तुमचा स्काउट कुठे-कुठे गेला ते मागच्या डावाशी ताडून बघा.