भट्टीचे अस्तर आणि भांडवलाची जपणूक

भांडवलनिर्मितीचा विचार करताना नव्या यंत्रसामग्रीवर भर दिला जातो. हाती असलेले भांडवल टिकविण्याचा प्रश्न मात्र मागे पडतो. लोहाराची ओतीव लोखंडाची, म्हणजेच बिडाची, जुनी भट्टी हे या दुर्लक्षित प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे.

अस्तराची गरज का?

पारंपरिक भट्टी जमिनीत खड्डा करून, मातीने लिंपून तयार केली जाते. तेथे मातीच उष्णता सोसते. पायांवर उभी, हातपंख्याची बिडाची भट्टी सोयीची खरी. पण तिच्यात ही माती मुद्दाम घालावी लागते. बिडात साधारणतः २ ते ४ टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते सुमारे १,१५० ते १,२५० अंश सेल्सिअसला वितळते, तर हवेच्या झोताने फुललेल्या कोळशाच्या गाभ्यात तापमान १,३०० अंशांपुढे जाऊ शकते. शिवाय बीड ठिसूळ असते. एक भाग तापून प्रसरण पावला आणि शेजारचा थंड राहिला, की ताण निर्माण होऊन तडा जातो. बिडाचे वेल्डिंग कौशल्याचे व खर्चाचे असल्याने तडा गेलेली भट्टी बहुधा भंगारात जाते.

अस्तराची पद्धत

प्रथम तारेच्या ब्रशने गंज व जुनी खपली काढावी. हलकेच ठोकून पाहिल्यास अखंड बीड खणखणीत वाजते. आवाज बद्द आल्यास तड्याची शंका घ्यावी. तापसह मातीत वाळू किंवा जुन्या तापसह विटांची भुकटी मिसळावी. त्यामुळे वाळताना माती कमी आकसते. पाणी बेताचेच घालावे. मुठीत दाबलेला गोळा आकार धरून राहील, इतकाच ओलावा पुरेसा असतो. दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर ठोकून बसवावा आणि हवेच्या नळीचे तोंड मोकळे ठेवावे. थर सावलीत काही दिवस वाळू द्यावा, भेगा बुजवाव्यात आणि पहिला जाळ मंद ठेवावा. ओल राहिल्यास तिची वाफ होऊन अस्तराचे पापुद्रे उडतात.

तापलेल्या भट्टीवर पाणी ओतू नये. काम संपल्यावर राख व धातुमळी काढून टाकावी, कारण दगडी कोळशाच्या राखेतील गंधकाची संयुगे ओलाव्याच्या संपर्कात लोखंड खातात. पावसाळ्यात भट्टी झाकून ठेवणे आवश्यक ठरते.

अर्थशास्त्रीय अर्थ

वापरामुळे भांडवली वस्तूंचे मूल्य घटते; यास घसारा म्हणतात. सकल देशांतर्गत उत्पादनातून घसारा वजा केल्यावर निव्वळ देशांतर्गत उत्पादन मिळते. राष्ट्रीय लेख्यांच्या संकल्पनेनुसार नेहमीच्या डागडुजीचा खर्च मध्यवर्ती उपभोगात धरला जातो, तर मालमत्तेचे आयुष्य किंवा क्षमता लक्षणीय वाढविणारी मोठी दुरुस्ती भांडवलनिर्मितीत मोजली जाते. अस्तर पहिल्या प्रकारात मोडते. त्यावरील खर्च किरकोळ असतो आणि कारागिराच्या स्वतःच्या श्रमाची तर स्वतंत्र नोंदही होत नाही. परंतु ते न केल्यास संपूर्ण भट्टी गमवावी लागते आणि नवी भट्टी येईपर्यंतचे उत्पन्नही बुडते.

धोरणात्मक संदर्भ

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहारकामासह १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश करण्यात आला. पाच वर्षांसाठी १३,००० कोटी रुपयांची तरतूद, अवजारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंतचे प्रोत्साहन, तसेच ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत तारणमुक्त कर्ज, ही या योजनेची प्रमुख वैशिष्ट्ये होत. मूलभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचे आहे.

अवजारे मिळाल्याने कारागिराचे भांडवल वाढते. ते टिकते की नाही, हे निगेवर अवलंबून असते. घसारा भरून निघाला नाही, तर सकल गुंतवणूक होऊनही निव्वळ भांडवलसाठा घटू शकतो. म्हणून कारागिरांच्या प्रशिक्षणात नव्या अवजारांच्या वापराइतकेच जुन्या साधनांच्या निगेलाही स्थान मिळणे गरजेचे आहे. कर्जाने घेतलेले साधन कर्ज फिटण्यापूर्वीच निकामी झाले, तर कारागिराकडे केवळ हप्ते उरतात.