वर्षाला एक डॉलर, दहा वर्षे

मनन : मार्क ९:३३-३७



पावसाळ्यात लोणावळ्याला सहलीला येणारे कॉलेजचे काही गट मावळातल्या एखाद्या बालगृहातही जातात. केक कापतात, वह्या वाटतात, मुलांबरोबर फोटो काढतात आणि परततात. हेतू चांगलाच असतो. आपले तरुणही निराधार व अत्याचारग्रस्त मुलांसाठी निधी जमवणार आहेत. त्यानिमित्ताने एक जुनी हकीकत सांगावीशी वाटते.

पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या आणि आपल्याकडील बालविधवांचे दुःख त्यांनी तेथे मांडले. १८८७ साली बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. ठिकठिकाणी 'रमाबाई मंडळे' निघाली. कॉर्नेल विद्यापीठातही एक होते. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर, तोही दहा वर्षे द्यायचा, असे वचन होते. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या मुलींना कधी पाहिलेही नव्हते.

आम्ही मात्र एका नाताळला बालगृहातील मुलांना स्टेजवर उभे करून देणगीदारांचे आभार मानायला लावले होते. एक मुलगा शेवटपर्यंत मान वर करीना. आमची चूक आम्हांला उशिरा उमगली.

प्रभू येशूनेही एका बालकाला सर्वांच्या मध्ये उभे केले. पण मोठेपणावरून वाद घालणाऱ्या शिष्यांचा गर्व उतरवण्यासाठी. आणि त्याने त्याला कवेत घेतले. आपण मुलाला मध्ये उभे करतो ते आपला मोठेपणा दाखवण्यासाठी तर नाही ना? माणूस हा कधीही केवळ साधन नसतो, असे कांट या तत्त्वज्ञाने म्हटले. दुखावलेल्या मुलाच्या बाबतीत हे विसरणे म्हणजे त्याला पुन्हा दुखावणेच होय.

म्हणून तीन गोष्टी ठरवू या :

१. थोडे द्यावे, पण दरमहा आणि ठरल्या मुदतीपर्यंत द्यावे.

२. मुलांची नावे वा फोटो छापू नयेत. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही त्यास मनाई आहे.

३. शेजारच्या घरात मुलाला मारहाण वा अत्याचार होत असेल, तर गप्प न बसता १०९८ वर कळवावे. या कामाला पैसा लागत नाही, धैर्य लागते.

प्रार्थना : हे प्रभो, दिलेला शब्द पाळण्याची आम्हांला कृपा दे. आमेन.