श्रद्धेपुढील पायरी

चौथ्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानाचा अधिकारी सांगताना भगवंतांनी तीन लक्षणे एकापुढे एक ठेविली आहेत. तो श्रद्धावान असावा, तत्पर असावा आणि त्याची इंद्रिये स्वाधीन असावीत. पहिले लक्षण आपणां सर्वांस मुखोद्गत आहे. दुसऱ्याकडे दृष्टी सहसा जात नाही. श्रीशंकराचार्य भाष्यात म्हणतात की, मनुष्य श्रद्धाळू असूनही पाऊल उचलण्यास मंद असू शकतो, म्हणून ‘तत्पर’ हे पद योजिले. देवावर भार टाकून स्वस्थ बसणारे आम्ही प्रपंची जन आचार्यांच्या दृष्टीसमोर होतो की काय, असे हे भाष्य वाचताना मला नेहमी वाटते. तत्पर म्हणजे उतावळा नव्हे. ‘ते’ हेच ज्याला सर्वांत श्रेष्ठ, तो तत्पर.

चेन्नईच्या तिरुवल्लिक्केणी भागात पार्थसारथीचे पुरातन मंदिर आहे. अर्जुनाचे घोडे हाकणारा गीतावक्ता तो हाच. उत्सवमूर्तीच्या मुखावर भीष्मांच्या बाणांचे व्रण आहेत, असे तेथील भक्त सांगतात. घाव देवालाही चुकले नाहीत! याच वस्तीत श्रीमती जानकी अम्माळ यांनी आपल्या वैधव्याचा दीर्घ काळ घालविला.

त्या गणिती श्रीनिवास रामानुजन यांच्या पत्नी. रामानुजन यांचे चरित्र बहुश्रुत आहे. परीक्षेतील अपयश, 1912 साली मद्रास बंदरातील 30 रुपयांची कारकुनी, पुढे केंब्रिज. नामक्कलच्या नामगिरी देवीवर त्यांची निष्ठा होती. तरी पाटी भरली की कोपराने पुसून ते पुन्हा गणित मांडीत. 26 एप्रिल 1920 रोजी ते निवर्तले तेव्हा त्यांचे वय 32 होते, आणि जानकीबाईंचे अवघे 21. पदरी मूल नव्हते. त्या आजारात पतीस शेक देण्यासाठी ज्या दोन भांड्यांत त्या पाणी तापवीत, ती भांडी त्यांनी वृद्धपणीही जपून ठेविली होती.

परंतु केवळ आठवण जपून चूल पेटत नाही. मुंबईस भावाकडे राहून त्या शिवणकाम शिकल्या. मद्रासला परतल्यावर विद्यापीठाचे मासिक 20 रुपये मिळत; उरलेला संसार शिवणाच्या मिळकतीवर चाले. त्या काळी विधवेने भाड्याच्या घरात स्वतंत्र बिऱ्हाड करणे किती कठीण, हे वडीलधाऱ्या वाचकांस सांगावयास नको. इतक्या ओढगस्तीतही 1950 साली एका मैत्रिणीच्या मृत्यूनंतर तिचा मुलगा त्यांनी आपला मानला आणि त्याला शिकविले.

पतीच्या कार्यावरील त्यांचा विश्वास मात्र ढळला नाही. रामानुजन यांचा पुतळा उभारू असे सांगितले होते, तो कोठे आहे, असे वयाच्या 82 व्या वर्षी, 1981 साली, त्यांनी वृत्तपत्राजवळ विचारिले. ते वाचून देशोदेशींच्या गणितज्ञांनी वर्गणी काढिली. अमेरिकेतील शिल्पकार पॉल ग्रॅनलंड यांनी घडविलेला कांस्याचा अर्धपुतळा काही वर्षांनी त्यांच्या घरी आला.