पिकण्याची वाट

मुलगी मनिलात नोकरीला लागल्यापासून माझ्या तिकडे फेऱ्या होतात. तिथे फिलिपीन्सचा राष्ट्रपुरुष होसे रिझाल याला चुकवून चालताच येत नाही. एक पेसोच्या नाण्यावर तो, रस्त्यांना त्याचे नाव, एका अख्ख्या प्रांतालाही त्याचेच. मी आयुष्यभर तालुक्याच्या गावात मोतीबिंदू काढले. परदेशी राष्ट्रपुरुषांच्या चरित्रांची मला खास ओढ नव्हती. पण हा गृहस्थ आपल्याच धंद्यातला, डोळ्यांचा डॉक्टर, हे कळले आणि मग मात्र त्याच्यामागे लागले. त्याची पुस्तके, पत्रे, त्याची गावे पाहत गेले. त्यातून हाती आले ते असे.

1. पुतळा सगळ्यात शेवटी बघावा.

लुनेता मैदानातले स्मारक रिचर्ड किसलिंग या स्विस शिल्पकाराने केले. 30 डिसेंबर 1913 रोजी त्याचे अनावरण झाले. चौथऱ्याखाली रिझालच्या अस्थी आहेत, समोर रात्रंदिवस पहारा असतो आणि मनिलाच्या त्या घामट उकाड्यात रिझाल अंगात ओव्हरकोट घालून उभा आहे. इतिहासकार आंबेत ओकाम्पो यांनी आपल्या पुस्तकाला ‘ओव्हरकोटाविना रिझाल’ अशा अर्थाचे नाव दिले, ते उगीच नव्हे. माझे तर म्हणणे असे की मनिलाहून विमानाने दिपोलोगला जावे आणि तिथून दापितान गाठावे. मिंदानाओ बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या या गावात तेव्हाच्या स्पॅनिश वसाहत सरकारने त्याला 1892 ते 1896 अशी चार वर्षे हद्दपार करून ठेवले होते. बांबू आणि निपाच्या पानांची त्याची घरे तिथे पुन्हा उभारली आहेत. माणूस समजतो तो तिथे.

2. घरच्या माणसाच्या डोळ्याला आपण सुरी लावू नये.

आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असते आणि तरी मोह होतोच. रिझाल नेत्रवैद्यकाकडे वळला तो आईमुळे. दोन्या तेओदोराची नजर अधू होत चालली होती. माद्रिदला वैद्यकीची पदवी घेतल्यावर पॅरिसमध्ये लुई द वेकर आणि 1886 साली हायडेलबर्गमध्ये ओटो बेकर अशा दोन नामांकित तज्ज्ञांच्या हाताखाली तो शिकला. हायडेलबर्ग म्हणजे आमची पंढरीच. कोकेनचे थेंब घातले की डोळा बधिर होतो, हा कार्ल कोलरचा शोध 1884 साली तिथल्याच नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत जाहीर झाला होता. म्हणजे हा विद्यार्थी अगदी मोक्याच्या वेळी तिथे पोचला.

1887 मध्ये तो कालांबाला घरी परतला. युरोपातून आलेला म्हणून गावकरी त्याला ‘डॉक्टर उलिमान’, म्हणजे जर्मन डॉक्टर, म्हणू लागले. रोगी दारात रांगा लावायचे. आईच्या डोळ्याला मात्र त्याने हात लावला नाही, कारण मोतीबिंदू अजून पिकला नव्हता. आजच्या पोरांना हे सांगावे लागते: आता आम्ही कच्चा मोतीबिंदूही काढतो, पण त्या काळी पिकण्याची वाट बघणे हाच शहाणपणा होता. टाके नव्हते, आत बसवायचे भिंग नव्हते. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून रोगी दिवसचे दिवस उताणा पडून राहायचा. एक जोराची खोकल्याची उबळ आली तरी जखम उघडायची भीती.

पुढे दापितानला, 1893 मध्ये, त्याने आईच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया नीट झाली आणि आईने पट्टी काढून टाकली. जंतुसंसर्ग झाला. आपल्याच माणसांवर उपचार का करू नयेत ते आता कळले, अशा अर्थाचे त्याने मेहुण्याला लिहिले. ते वाचताना मला आमच्या शिबिरांतल्या कितीतरी आज्या आठवल्या. परक्या डॉक्टरचे त्या निमूट ऐकतात, पण लेक किंवा सून डॉक्टर असली की ‘तुला काय कळतंय?’ म्हणून पट्टी सोडतात. साऱ्या वसाहतीची झोप उडवणारा हा माणूस, त्याच्या आईने त्याचे ऐकले नाही! मला तो आवडायला लागला तो इथून.

3. निदान एकाने करावे, पण सुरी केव्हा धरायची हे रोग ठरवतो.

‘नोली मे तांगेरे’ ही त्याची कादंबरी 1887 साली बर्लिनमध्ये छापली गेली. खिशात पैसे नव्हते; माक्सिमो व्हिओला या मित्राने उसने दिले तेव्हा 2,000 प्रती निघाल्या. अर्पणपत्रिकेत तो मातृभूमीच्या अंगावरच्या कर्करोगाबद्दल बोलतो आणि देवळाच्या पायऱ्यांवर रोगी आणून ठेवण्याच्या जुन्या चालीची आठवण देतो, म्हणजे येणारा-जाणारा काही उपाय सुचवील. कादंबरी आहे तशीच. स्पॅनिश मिशनरी पाद्री, मस्तवाल शिपाई, त्यांच्यापुढे लोटांगण घालणारे गावचे श्रीमंत, सगळे तपासणीच्या टेबलावर. 1891 साली गेंटमध्ये छापलेल्या ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’त नायक बाँबपर्यंत जातो आणि बेत फसतो. ही कादंबरी त्याने 1872 मध्ये फाशीचक्राने मारलेल्या गोमेस, बुर्गोस आणि सामोरा या तीन पाद्र्यांना अर्पण केली आहे.

मग जून 1896. आंद्रेस बोनिफासिओची काटिपुनान ही गुप्त संघटना उठावाच्या तयारीत होती. तिने पिओ वालेन्सुएला या डॉक्टरला सल्ला विचारायला दापितानला धाडले. संशय येऊ नये म्हणून सोबत रायमुंदो माता नावाचा एक अंध माणूस दिला. रोगी दाखवायला आलोय, असा बहाणा! रिझालचे म्हणणे पडले की शस्त्रे नाहीत, पैसेवाले बरोबर नाहीत, आत्ता उठाव नको. तो ठाम नकार होता की अटी घातलेला होकार, यावर वालेन्सुएलानेच पुढे वेगवेगळ्या जबान्या दिल्या. पण सूर ‘अजून पिकला नाही’ असाच दिसतो.

इथे मला माझ्या व्यवसायबंधूशी वाद घालावासा वाटतो. मोतीबिंदू फार पिकू दिला तर तो आतल्या आत पाझरतो, डोळ्याचा दाब वाढतो, आणि मग ठणकणारा, लाल डोळा घेऊन रोगी मध्यरात्री येतो. तेव्हा पिकलाय की नाही हे कुणी विचारत नाही. ऑगस्टमध्ये काटिपुनानचा सुगावा लागला, धरपकड झाली आणि उठाव झालाच, तयारी असो वा नसो. बोनिफासिओ गोदामात काम करणारा गरीब माणूस होता. त्याला वाट बघण्याची चैन परवडण्यासारखी नव्हती.

4. हद्दपारीतही दिवसाचे वेळापत्रक असावे.

त्याने दापितानला शाळा काढली, डोंगरातले पाणी गावात आणले, चौकात जमिनीवर मिंदानाओचा उंचसखल नकाशा केला. बेडूक, सरडे, किडे गोळा करून तो जर्मनीला पाठवी. उडणाऱ्या सरड्याच्या एका जातीला त्याचे नाव आहे. लॉटरीचे तिकीट त्याने चक्क आपल्यावर पहारा ठेवणाऱ्या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या भागीदारीत घेतले आणि ते लागले! वाट्याच्या 6,200 पेसोंतून वडिलांना 2,000 दिले, बाकीचे बहुतेक जमिनीत घातले. श्रीमंत रोग्याकडून भरघोस फी घ्यावी आणि गरिबाला फुकट तपासावे, हा त्याचा हिशेब माझ्या सासऱ्यांच्या दवाखान्यातही होता.

5. नायिकेवरून लेखकाची परीक्षा करू नये.

‘नोली’तली मारिया क्लारा मला सोसत नाही. सारखी डोळ्यांत पाणी, सारखी घेरी. तरी पिढ्यानपिढ्या मुलींना तीच आदर्श म्हणून दाखवली गेली. त्याच रिझालने फेब्रुवारी 1889 मध्ये मालोलोसच्या मुलींना तागालोगमध्ये लिहिलेले पत्र वाचावे. रात्रीची शाळा काढून स्पॅनिश शिकू द्या, अशी मागणी वीसजणींनी गव्हर्नर जनरल वेयलरपुढे नेऊन ठेवली होती. स्थानिक पाद्र्याचा विरोध होता. पत्रात तो बायकांना सांगतो की देवभक्ती म्हणजे पाद्र्यापुढे मान तुकवणे नव्हे, आणि आईच मिंधी असेल तर पोरे ताठ कशी निपजणार? माझ्या आजेसासूबाईंना ते पत्र पटले असते, सासूबाईंना नसते.

6. नायकाला नावे ठेवायची मुभा हवी.

उठावानंतर रिझाललाही अटक झाली. 15 डिसेंबर 1896 रोजी कोठडीतून त्याने उठावाचा निषेध करणारे निवेदन लिहिले. स्पॅनिशांना तेही पुरेसे वाटले नाही. त्यांनी ते छापले नाही आणि 30 डिसेंबरच्या सकाळी बागुम्बायानच्या मैदानात त्याला गोळ्या घातल्या. त्याआधी लष्करी डॉक्टरने नाडी पाहिली, ती अगदी नेहमीसारखी होती. ज्याच्या नावाच्या घोषणा देत लोक लढले त्याने लढाई नाकारावी, हा पेच रेनातो कोन्स्तान्तिनो यांनी 1969 मध्ये रोखठोक मांडला. स्पॅनिशांनंतर आलेल्या अमेरिकी राजवटीला बोनिफासिओपेक्षा सुधारणावादी रिझाल सोयीचा होता, म्हणून तोच उचलला गेला, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. पण अमेरिकी पक्के बस्तान बसवण्याआधीच, डिसेंबर 1898 मध्ये, आगिनाल्दो या क्रांतिकारी नेत्याने 30 डिसेंबर हा शोकदिन ठरवला होता, हेही विसरू नये. तिथे लोक यावर जेवणाच्या टेबलावर भांडतात. मला हेवा वाटतो.

7. सक्तीने वाचलेले पुस्तकही कधीतरी उपयोगी पडते.

1956 च्या कायद्याने रिझालचे जीवन आणि लेखन शिकवणे तिथल्या शाळा-महाविद्यालयांना बंधनकारक झाले. सिनेटर क्लारो रेक्तो त्यासाठी झगडले; कॅथलिक धर्मसत्तेने कडाडून विरोध केला. मुलीच्या कार्यालयातले सहकारी सांगतात की त्यांनी बहुधा गाइडवरच भागवले. तरी ‘दामासो’ म्हटले की प्रत्येकाला कादंबरीतला तो उद्दाम पाद्री डोळ्यांसमोर येतो. 2010 मध्ये कुटुंबनियोजनाच्या विधेयकाला चर्चचा विरोध चालू असताना कार्लोस सेल्द्रान हा पर्यटन-मार्गदर्शक रिझालच्या वेषात मनिलाच्या कॅथेड्रलमध्ये उभा राहिला. हातात पाटी, तिच्यावर तेवढा एकच शब्द. धार्मिक भावना दुखावल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत ती कायम राहिली आणि अखेर तो माद्रिदला निघून गेला. विधेयकाचा कायदा मात्र 2012 मध्ये झाला. 2022 साली दूरदर्शन मालिकेत एक आजची नर्सिंगची विद्यार्थिनी थेट ‘नोली’च्या पानांत जाऊन पडली, आणि तरुण मुलांनी मालिका डोक्यावर घेतली.

वाचायचेच असेल तर चरित्रापासून सुरुवात करू नका. आधी ‘नोली’ घ्या, सोलेदाद लाक्सोन-लोक्सिन यांचे इंग्रजी भाषांतर चांगले आहे. मारिया क्लाराची पाने भराभर उलटली तरी चालेल. पोरांना शोधत भटकणाऱ्या सिसाची उलटू नका.