नागपूर ते ग्रीनलंड: बर्फ ओलांडण्याची कृती

आधी मार्ग ठरवा, मग सामान. ध्रुवीय बर्फावर स्कीने लांबचा पल्ला गाठायचा असेल तर मोजकेच पर्याय समोर येतात. आइसलंडमधली वात्नायोकुल ही जवळपास 8,000 चौरस किलोमीटरची हिमटोपी तालमीला चांगली. अंटार्क्टिकातली लॅम्बर्ट हिमनदी 400 किलोमीटर लांब, जगातली सगळ्यात मोठी मानली जाते, पण आपल्यासारख्याला तिथवर पोचण्याचाच खर्च झेपत नाही. राहता राहिली ग्रीनलंडची हिमचादर. पश्चिमेच्या कांगेर्लुसुआकपासून पूर्वेच्या इसोर्तोक वस्तीपर्यंत साडेपाचशे ते सहाशे किलोमीटर, साधारण चार आठवडे, मधला माथा 2,500 मीटरच्या आसपास. नोकरी करणाऱ्या माणसाने दोन वर्षं तयारी केली तर जमण्यासारखं आहे. ही कृती त्याच मार्गाची.

फ्रिड्यॉफ नान्सेन आणि त्याचे पाच साथीदार 1888 साली ही चादर पहिल्यांदा ओलांडून गेले, तेही स्कीवर. निर्मनुष्य पूर्व किनाऱ्यावर उतरायचं आणि वस्तीच्या पश्चिम किनाऱ्याकडे चालायचं, असा त्याचा हिशेब होता. मागे फिरायला जागाच नाही, म्हणून पुढेच जायचं. आज दोन्ही टोकांना हेलिकॉप्टर येतं, त्यामुळे दिशेचा एवढा बाऊ करायला नको. मी पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणं सुचवतो. एका मोटार कंपनीने गाड्यांच्या चाचणीसाठी बांधलेला कच्चा रस्ता कांगेर्लुसुआकच्या विमानतळापासून थेट बर्फाच्या काठापर्यंत जातो. ओझं सगळ्यात जास्त असताना तो फार कामी येतो.

नागपूरच्या माणसाला हे झेपेल का, हा प्रश्न फार वेळ चघळू नये. 2009 च्या डिसेंबरात रीना कौशल धर्मशक्तू स्कीने दक्षिण ध्रुवावर पोचल्या. तसं करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. सुमारे 900 किलोमीटरच्या त्या चालीत ब्रुनेई, सिंगापूर, सायप्रस अशा देशांतल्या बायका होत्या, आणि त्यांतल्या काहींनी मोहिमेआधी स्की पायात घातलेलीही नव्हती. आपल्याच शहरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत 1983 च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या. त्या जहाजाने गेल्या, संशोधनासाठी गेल्या, पण नागपूर आणि बर्फ यांच्यातलं अंतर त्यांनी चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीच कमी करून ठेवलंय.

पहिला उन्हाळा: टायर

दोन जुने टायर घ्या. मोटारीचे चालतात, ट्रकचा एक घेतला तरी पुरे. पंक्चरवाल्याकडे फुकट किंवा चहाच्या पैशात मिळतात. भोक पाडून जाड दोरी ओवा, दुसरं टोक कमरेच्या आणि खांद्याच्या पट्ट्याला बांधा. पट्टा दुकानातून आणायची घाई नको. रुंद, गादीदार कमरपट्टा कुठल्याही चांगल्या शिवणाऱ्याकडून करून घेता येतो. दोरी किमान दोन-अडीच मीटर हवी. आखूड असली की टायर टाचेवर आपटतो आणि ओढ कमरेऐवजी पाठीवर येते.

डांबरी रस्त्यावर ओढू नका. टायर खरवडत आवाज करतो, कुत्री मागे लागतात आणि पुढच्या स्कूटरवाल्याला नक्की काय चाललंय ते सांगत बसावं लागतं. सेमिनरी हिल्सच्या किंवा गोरेवाड्याच्या बाजूचे मुरमाचे रस्ते बरे. मुरमाचं घर्षण बर्फावरच्या जड स्लेजच्या बऱ्यापैकी जवळ जातं. फुटाळ्याला संध्याकाळी गर्दी असते, तिथे तमाशा होतो. आठवड्यातून चार दिवस, पहाटे पाचला सुरू करा. तासाला पन्नास मिनिटं चाल आणि दहा मिनिटं थांबा. बर्फावरही हीच लय ठेवायची आहे, तेव्हा अंगात आत्ताच मुरू द्या. नवतपा लागला की पहाटही उकळते. त्या दिवसांत अंतर निम्मं करा, दिवस मात्र चुकवू नका. आठवड्यातून एकदा रामटेकच्या गडाची चढण करा, पाठीवर पंधरा किलो घेऊन.

इथे एक गोष्ट स्वतःच्या अंगावर बघून ठेवा: किती चाललं की घाम फुटतो. नागपुरात घाम आपल्याला वाचवतो. तिकडे तोच मारतो. बर्फावर घामाने भिजलेला आतला कपडा थांबल्यावर पाचच मिनिटांत गोठायला लागतो, आणि उणे पंचवीस अंशांत तो अंगावर वाळवणं जवळपास अशक्य. थंडीत बळी पडलेल्यांच्या कथा आपण ऐकतो तेव्हा नजर तापमानाकडे जाते. बहुतेक वेळा गोष्ट ओलाव्यापासून सुरू झालेली असते. म्हणून घाम फुटण्याच्या जरा अलीकडची चाल कोणती, ते इथल्या रस्त्यावर शोधा. ती चाल हळू वाटेल, लाजही वाटेल. तीच पक्की करा.

पावसाळा: कागद

पावसात टायर कमी, कागदपत्रं जास्त. ग्रीनलंडच्या हिमचादरीवर जायला तिथल्या सरकारची लेखी परवानगी लागते, आणि त्यासाठी शोध व बचावकार्याचा खर्च भरून देणारा विमा दाखवावा लागतो. साधा प्रवास विमा चालत नाही. अर्ज कित्येक महिने आधी करा. व्हिसा डेन्मार्ककडून मिळतो, पण ग्रीनलंड शेंगेन क्षेत्रात येत नाही. ग्रीनलंडसाठी वैध असल्याचा स्पष्ट उल्लेख व्हिसावर हवा. हे न बघता तिकिटं काढू नयेत.

पहिल्यांदा जाणाऱ्याने अनुभवी वाटाड्याबरोबरच जावं. खर्च लाखांत आहे, पण त्यात तंबू, स्लेज, चूल, अस्वलांसाठीची बंदूक आणि परवानगीची निम्मी डोकेदुखी येते.

सॅटेलाइट फोन विकत घेण्याचा मोह टाळा. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो बाळगणं बेकायदा आहे, आणि विमानतळावर अशा उपकरणांसह पकडल्या गेलेल्या प्रवाशांच्या बातम्या अधूनमधून येतात. संदेश पाठवणारी खिशातली छोटी सॅटेलाइट यंत्रंही त्यातच मोडतात. तिकडेच भाड्याने घ्या आणि तिकडेच परत करा.

पावसाची उघडीप मिळाली की एक दिवस चंद्रपूरला जा. ऐच्छिक पायरी आहे, पण मी ती गाळू देणार नाही. पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ चुनखडकाच्या पाठीवर समांतर ओरखडे आहेत. 1870 च्या दशकात भूवैज्ञानिकांनी ते पाहिले आणि उष्ण कटिबंधातल्या या खडकावरून एकेकाळी हिमनदी सरकत गेली होती, असं मांडलं. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी, भारत अंटार्क्टिकाला चिकटून दक्षिणेकडे होता तेव्हाची ही गोष्ट. गोंडांच्या या मुलखावरूनच त्या जुन्या महाखंडाला गोंडवन हे नाव मिळालं. तळाशी दगडधोंडे अडकलेली हिमनदी खडक कशी तासते हे इथे बोटाने चाचपून कळतं. पुढे ग्रीनलंडच्या काठावर बर्फ मागे सरकून उघडा पडलेला खडक दिसेल, तेव्हा त्यावरचे ओरखडे वाचता येतील आणि बर्फ कुठल्या दिशेने वाहतो तेही सांगता येईल. इरईला नदीला पाणी जास्त असेल तर काठावर उतरू नका.

दोन हिवाळे: स्की, दोर

पहिल्या हिवाळ्यात गुलमर्ग, औली किंवा मनाली, जिथे जागा मिळेल तिथे स्कीचा पायाभूत कोर्स करा. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयी संस्था. तिथे मुख्यतः उतारावरून घसरत येणं शिकवतात. आपल्याला हवी असते सपाटीवरची चाल: टाच मोकळी, पाऊल न उचलता पुढे सरकवायचं आणि स्कीच्या तळाला कातडीची पट्टी चिकटवलेली, म्हणजे मागे घसरण होत नाही. तरी उताराचा कोर्स वाया जात नाही. पडणं आणि उठणं तिथेच शिकून होतं.

गिर्यारोहणाचा बेसिक कोर्सही करावा, उत्तरकाशीच्या नेहरू संस्थेत किंवा दार्जिलिंगला. दोन्हीकडे जागा लवकर भरतात. स्लेज ओढताना एखाद्याच्या पायाखालची हिमभेग उघडली तर त्याला वर कसं काढायचं, हे वाचून येत नाही. दोराच्या गाठी आणि कप्प्या हातमोजे घालूनच घोटाव्यात. घरी करायचं असेल तर फ्रीझरमध्ये हात गार करून घ्या. घरातले हसतील.

दुसऱ्या हिवाळ्यात, शक्य असेल तर, नॉर्वेतल्या फिन्से इथे आठवडाभर राहा. ओस्लो–बर्गन रेल्वेवरचं हे ठिकाण, गाडीतून उतरलं की दारातच हिमनदी. नान्सेनपासून स्कॉट आणि शॅकलटनपर्यंत अनेकांनी इथे तालीम केली. तंबू, चूल, स्लेज आणि तुम्ही हे चारही पहिल्यांदा एकत्र इथे यावेत, ग्रीनलंडमध्ये नव्हे.

पोटाचं

दिवसाला किलोभर कोरडं अन्न, 5,000 कॅलरीच्या वर. इतक्या उष्मांकासाठी चरबीच लागते, आणि आपल्याकडचा पहिला विचार तुपाचा. पण कोपनहेगनमार्गे जाणार असाल तर दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत. तेव्हा तूप आणि संत्रा बर्फी घरीच ठेवा, लोणी तिकडे घ्या. इथून नेता येईल ते शेंगदाण्याचं: चिक्की, लाडू, भाजलेले दाणे. चिक्की उणे वीसला दगड होते. नागपुरातच नखाएवढे तुकडे करून रोजच्या पिशव्या भरा. गोठलेल्या चिक्कीवर दात तुटला तर दवाखाना शेकडो किलोमीटर दूर असतो. मेतकूट आणि कोरडी चटणी थोडी घ्या. तिसऱ्या आठवड्यात गोड खाऊन जीव विटतो, तेव्हा चिमूटभर सावजी मसाला खाल्लेलं पोटात ठेवतो.

बर्फावर

मोहीम एप्रिल-मेमध्ये. हिमभेगांवरचे पूल तेव्हा घट्ट असतात आणि दिवस लांब. पहिले दोन-तीन दिवस काठावरच्या फुटक्या बर्फातून चढ असतो, स्लेज सत्तर किलोच्या घरात. दिवसाला पाच किलोमीटर झाले तरी चिडू नका. भेगांच्या पट्ट्यात एकमेकांना दोराने बांधा आणि भेग आडवी, काटकोनात ओलांडा. वर सपाटी आली की वीस-पंचवीस किलोमीटर होऊ लागतात. मार्गात डाय-2 हे शीतयुद्धातलं सोडून दिलेलं अमेरिकी रडार ठाणं लागतं. लांबून दिसायला लागतं आणि अख्खा दिवस चाललं तरी जवळ येत नाही.

रोजची राहुटी शिस्तीत करा. तंबू पिशवीतून काढण्याआधी त्याचं एक टोक स्लेजला अडकवा. वाऱ्याने उडालेला तंबू पुन्हा मिळत नाही. कडेची झालर बर्फाने दाबा, वाऱ्याच्या बाजूला भिंत रचा. पूर्व किनाऱ्याजवळ वरून कोसळणारा पितेराक वारा येतो, तिथे भिंत छातीएवढी हवी. चूल पेटवताना वरची झरोका-पट्टी उघडी ठेवा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. भांड्याच्या तळाशी थोडं पाणी राखून मगच बर्फ टाका, नाहीतर भांडं करपतं. एका माणसाला दिवसाला पाव लिटरच्या आसपास इंधन लागतं. इंधन विमानातून नेता येत नाही, तिथेच विकत घ्या. रात्री मोजे पोटाशी ठेवून झोपा. पायाचे फोड उठण्याआधीच चिकटपट्टी लावा, थांबायला लाजू नका.

होकायंत्रही तपासून घ्या. नागपुरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच, त्यामुळे ही दुरुस्ती करायची आपल्याला सवय नसते. ग्रीनलंडमध्ये फरक 20 अंशांहून अधिक पश्चिमेला पडतो. सगळं पांढरं झालं, क्षितिज नाहीसं झालं की पुढच्याने छातीवरच्या होकायंत्राकडे बघत चालावं आणि मागच्याने त्याची रेषा वाकतेय का ते पाहावं. काळा चष्मा अशा ढगाळ दिवशीही काढू नका. हिमांधत्व ढगातूनही येतं. नाकपुड्यांच्या आतल्या बाजूलाही सनस्क्रीन लावा, ऊन खालच्या बर्फावरूनही येतं.

पूर्वेचा उतार सुरू झाला की किनारा जवळ आणि अस्वलंही. तंबूभोवती इशाऱ्याची तार लावा, वाटाड्या सांगेल तशा पाळ्या करा. इसोर्तोकला पोचल्यावर हेलिकॉप्टर हवामानासाठी दोन-तीन दिवस अडू शकतं. परतीचं तिकीट त्या हिशेबाने ठेवा.

परत नागपूरला उतराल ते मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला. महिनाभर थंडीत राहिल्यावर उन्हाची सवय गेलेली असते. ती परत यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्या काळात दुपारी बाराच्या पुढे घराबाहेर पडू नका, मित्रांनी स्वागत समारंभ ठेवलाच तर तो रात्री ठेवायला सांगा, आणि पन्हं भरपूर प्या. उणे तीसमध्ये नीट राहिलेला माणूस वर्धा रोडवर उष्माघाताने पडलेला बरा दिसत नाही.